सोगंदनाम्यातली आखाजी

भामरेताईंनी मला जेवढा त्रास दिला तेवढा माझ्या सासुरवाडीच्यांनीही दिला नाही, आणि आता तो त्रास द्यायला कोणी उरलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्या नावानं बोटं मोडायला लागलो तरी तुमचा गैरसमज व्हायला नको.

मी सुरतेत कोर्टाच्या आवारात टायपिंगचं काम करतो. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि डोक्यावर पत्रा, एवढाच संसार. आमच्याकडे दिवाणी दावे गुजरातीत चालतात. दावा गुजरातीत, जबाब गुजरातीत, हुकूम गुजरातीत. मी शिकलो नगरपालिकेच्या मराठी शाळेत, पण पोटासाठी गुजराती टायपिंग शिकलो आणि आता बोटांना तेच पाठ झालंय. बमरोली, पांडेसरा, कडोदरा इकडे लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणारी आपली खानदेशी माणसं, नाहीतर मराठवाडा-विदर्भातून बांधकामावर आलेली, त्यांचं मात्र तसं नाही. बाजारापुरतं गुजराती त्यांना बोलता येतं, वाचता येत नाही. अशा माणसाच्या हातात कोणी गुजराती कागद ठेवला की तो पहिल्यांदा कागदाच्या तळाशी बघतो, सही कुठे करायची ते. सुशीला भामरे या वकीलबाईंनी सगळं आयुष्य या एका सवयीशी भांडण्यात घालवलं.

त्या कायदेशीर मदतीच्या यादीवरच्या वकील होत्या. म्हणजे ज्याला वकील परवडत नाही त्याला सरकारतर्फे जो वकील मिळतो, त्यांच्यापैकी एक. बायकांना तर कमाई कितीही असो, असा वकील मागता येतो. पण आपल्या लोकांचं डोकं असं की पैसे मोजले नाहीत तर माल हलका असणार. पहिल्यांदा आलेला प्रत्येक जण ताईंकडे जरा संशयानंच बघायचा. बुटक्या, अंगानं भरलेल्या, काळा कोट अंगात कमी आणि हातावर जास्त, बोलणं ठसक्यात. त्या समोरच्याला बाकावर बसवायच्या आणि म्हणायच्या, "फुकट मिळतो तो देवळातला प्रसाद. हा तुमचा हक्क आहे. मी काम नीट केलं नाही तर माझी तक्रार करायची. कुठे करायची तेही सांगून ठेवते." आणि खरंच सांगायच्या. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला, दुपारी दोननंतर. असा वकील मी दुसरा पाहिला नाही.

आता त्रासाबद्दल. बाकीचे वकील मला तोंडी सांगत, मी टाइप करत असे, पक्षकार सही करत असे, संपलं काम. ताईंचं तसं नव्हतं. आधी त्या पक्षकाराला त्याच्या बोलीत सगळं सांगायला लावायच्या. मग माझ्याकडून गुजरातीत टाइप करून घ्यायच्या. मग तो कागद घेऊन पुन्हा बाकावर बसायच्या आणि एकेक वाक्य उलटं त्याच्या बोलीत वाचून दाखवायच्या. खानदेशी असेल तर अस्सल अहिराणीत. प्रत्येक वाक्याला त्यानं "हां" म्हणायचं, मग पेन्सिलीची खूण. "हां" म्हणताना माणूस नुसता अडखळला तरी वाक्य रद्द आणि मी पुन्हा टायपिंगला. एका दाव्याची पानं मी अकरा वेळा काढली आहेत. शाई माझी, कागद माझा. मी कुरकुर केली की म्हणायच्या, "वसंता, कोर्टात उभं राहून उत्तर तुला द्यायचंय की त्याला?"

एकदा लातूरकडचे एक म्हातारे बांधकाम मजूर आले होते. त्यांना मदतीचा वकील हवा होता, आणि त्या अर्जाचा साचा माझ्याकडे तयारच होता. नाव-गाव घातलं की झालं. ताई वाचून दाखवू लागल्या. नाव, हां. वय, हां. "मी अत्यंत गरीब आणि लाचार माणूस आहे," इथे म्हातारबाबा थांबले. म्हणाले, "गरीब ठेवा. लाचार काढा." मी म्हटलं, बाबा, ते सगळ्यांच्याच अर्जात असतं, त्यात काय एवढं. ते म्हणाले, "सगळ्यांचं मला ठाऊक नाही. मी आजवर कोणाच्या पाया पडलेलो नाही, आणि कोर्टातही पडायला आलेलो नाही." ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी गुपचूप शब्द काढला. त्या दिवसापासून माझ्या साच्यातून तो शब्द कायमचा गेला. त्याच्यावाचून एकही अर्ज परत आलेला नाही, हे मला कबूल करावं लागतं.

आणखी एक खोड. ज्याची साक्ष असेल त्याला ताई आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या कोर्टात घेऊन जायच्या. शिपायाशी त्यांचं सख्य होतं, तो दार उघडून द्यायचा. याला त्या 'घर दाखवणं' म्हणायच्या. जज इथे बसतात, तू इथे उभं राहायचं, समोरचा वकील ओरडला तरी मान इकडे, जजसाहेबांकडे. मग त्या माणसाला बाकावर बसायला लावायच्या. आपली माणसं कोर्टातल्या बाकावर बसायला फार कचरतात, भिंतीला पाठ लावून तासन्‌तास उभी राहतील. ताई म्हणायच्या, "बस. नीट टेकून बस. हे कोर्ट तुझ्यासाठी उघडलंय, तू नसतास तर या साहेबांना इथे काय काम होतं?" शिपाई हसायचा. पण दुसऱ्या दिवशी तीच माणसं ताठ मानेनं बोलताना मी ऐकली आहेत.

सिंधूबाईंनाही त्यांनी असंच घर दाखवलं होतं. आता त्यांचंच सांगतो, कारण भामरेताई काय चीज होत्या हे मला त्या दाव्यात कळलं, आणि त्याआधी मी त्यांना मनातून बऱ्याच वेळा मूर्ख म्हटलं होतं.

सिंधूबाई बमरोलीच्या. नवरा लूमवर होता, तो वारला. त्यानं हयातीत घेतलेली एक खोली, वर पोटमाळा, बाहेर मोरी, एवढंच त्यांचं जगात होतं. दीर गुलाब, तोही लूमवरच, दोन गल्ल्या सोडून राहणारा. नवऱ्याच्या तेराव्यानंतर तो एक गुजराती कागद घेऊन आला. "वहिनी, विजेच्या मीटरवर तुमचं नाव चढवायचंय, इथे सही करा." सिंधूबाईंनी कागदाच्या तळाशी बघितलं आणि मराठीत सही केली. कागदात लिहिलं होतं की खोलीवरचा माझा हक्क मी राजीखुशीनं दिराला सोडते. हे त्यांना कळलं ते खोली बघायला गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तेव्हा.

ताईंनी दावा लावला, की तो कागद बाईला समजावून सांगितलेला नाही, तेव्हा तिच्यावर बंधनकारक नाही. शिवाय निकालापर्यंत खोली विकायची नाही आणि बाईला बाहेर काढायचं नाही असा मनाई हुकूमही मिळवला. त्या हुकमावर सिंधूबाई त्या खोलीत राहत होत्या. दावा पडला तर हुकूम पडणार आणि हुकूम पडला की खोली जाणार, इतका साधा हिशेब होता.

पुढे सिंधूबाईंच्या उलटतपासणीची मुदत, म्हणजे तारीख, लागली. दोन मुदती आधीच वाया गेल्या होत्या, एकदा बाईंना खरंच ताप होता आणि एकदा कोर्टातच काहीतरी अडचण होती. तिसऱ्या वेळी जजसाहेबांनी लिहून ठेवलं, शेवटची संधी. आणि ती मुदत नेमकी पडली आखाजीच्या दुसऱ्या दिवशी.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खानदेशी माणसाला असं सांगून भागत नाही. त्या दिवशी सासुरवाशीण माहेरी गेलीच पाहिजे. झाडांना झोके टांगतात, बायका झोक्यावर बसून गाणी म्हणतात, घरोघरी पुरणपोळी आणि आमरस. बमरोलीतल्या आमच्या गल्ल्या त्या आठवड्यात अशा ओस पडतात की कुत्र्यांना भाकरी टाकायला माणूस मिळत नाही. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. माझी बायको-मुलंही गेली होती. मी कामामुळे राहिलो, आणि तेवढ्यामुळेच त्या दिवशी कोर्टात होतो.

पुकारा झाला. ताई उभ्या राहिल्या. सिंधूबाई नाहीत. जजसाहेब वयानं तरुण, शिस्तीचे कडक. त्यांनी विचारलं, "बाई कुठे आहेत?"

ताई म्हणाल्या, "माहीत नाही, साहेब. फोन लागत नाही. एक मुदत द्यावी."

"आजारी आहेत का?"

आता बघा, साहेबांनी स्वतः दार किलकिलं करून दिलं होतं. नुसतं "हो" म्हटलं की काम होतं. मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात ताईंच्या तोंडात तो शब्द घालत होतो. ताई म्हणाल्या, "तेही मला माहीत नाही."

समोरचे वकील उठले. म्हणाले, आमचा पक्षकार गरीब कामगार, पाळी बुडवून बाहेर हजर आहे, वादी बाई मात्र पुन्हा गैरहजर. साहेबांनी दोन मिनिटं कागद चाळले आणि दावा काढून टाकला.

बाहेर आल्यावर मी ताईंना वाट्टेल ते बोललो. म्हटलं, एका शब्दानं तुमचं काय जाणार होतं? त्या बाईचं छप्पर गेलं ना. कोट हातावर टाकून त्या चालू लागल्या. त्यांना एवढं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला जरा बरंही वाटलं. स्वतःचं डोकं आपटून घ्या म्हणावं.

चार दिवसांनी सिंधूबाई आल्या. हातात माहेरच्या कुरडया-शेवयांची पिशवी होती. गावाहून आल्या तर दारावर त्यांच्या कुलपाच्या वर दिराचं कुलूप, भांडी बाहेर ओट्यावर. तशाच कोर्टात आल्या होत्या. ताईंच्या समोर बसून म्हणाल्या, "मना कुलूपवर त्यानं कुलूप लाई दिधं. आते काय करानं, ताई?"

"मुदत होती, ठाऊक होतं ना?"

सिंधूबाईंनी जे सांगितलं ते तुमच्यासाठी जरा सोपं करून सांगतो. ठाऊक होतं, म्हणाल्या. पण माझं सासर-माहेर एकाच गावात, गुलाबभाऊजीही गावाला आले होते. सगळी गल्ली गावाला. दावा लावणारी मी गावाला, ज्याच्यावर लावला तोही गावाला, मग कोर्ट कोणासाठी उघडणार? मला वाटलं, आखाजीला कोर्टही बंदच असेल.

मी कपाळावर हात मारला. ताई मात्र चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मुदत घेताना पंचांग मी बघायला पाहिजे होतं." त्यानंतर त्यांच्या पिशवीत मराठी कॅलेंडरची गुंडाळी कायम असायची आणि मुदत देताना कारकुनापुढे त्या ती उलगडून बसायच्या. पण ते नंतरचं.

दावा परत उभा करायचा तर अर्ज करावा लागतो. गैरहजेरीला पुरेसं कारण होतं असं दाखवावं लागतं, आणि सोबत पक्षकाराचं सोगंदनामं, म्हणजे शपथेवर लिहून देणं. हे काम माझ्या हातचं. आमच्या आवारात अशा वेळी एकच कारण चालतं, टायफॉइड. तो आजार पंधरा दिवस टिकतो, मरणाची भीती नसते आणि साहेब लोकांना ओळखीचा वाटतो. मी ताईंना न विचारता एका ओळखीच्या डॉक्टरकडून दाखला आणला, सोगंदनामं टाइप केलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. मला वाटलं, आता तरी म्हणतील, वसंता, तू होतास म्हणून.

त्यांनी चष्मा लावला, सिंधूबाईंना जवळ बोलावलं आणि वाचायला सुरुवात केली. नाव, हां. पत्ता, हां. मग, त्या दिवशी मला विषमज्वर झाला होता आणि मी अंथरुणाला खिळून होते. सिंधूबाई एकदम सरळ बसल्या. "माले कव्हय ताप उना? आखाजीले माहेरले गयथू मी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊ, मी खोटं नही बोलस."

ताईंनी कागद घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. मी भडकलो. म्हटलं, ताई, सणाला गेले होते असं कोर्टात सांगाल तर साहेब हाकलून देतील. हे कारण नाही, हा फाजीलपणा आहे. तिकडे गिऱ्हाईक पैसे घेऊन बसलंय. तुम्ही तुमचा खरेपणा सांभाळाल, बाई ओट्यावर झोपेल.

ताई शांतपणे म्हणाल्या, "वसंता, या बाईची खोली गेली कशानं? जे तिनं कधी म्हटलं नाही ते गुजरातीत लिहून, खाली तिची सही घेतली म्हणून. तू आता दुसरं काय आणलंयस?"

"मग हरा."

"हरू. पण ती जे बोलली तेच सांगून हरू. बस, टाइप कर."

आणि मग त्या सिंधूबाईंना एकेक गोष्ट विचारू लागल्या. कोणत्या गाडीनं गेलात, भावाच्या घरी कोण कोण होतं, दिवसभर काय केलंत. सिंधूबाईंचा चेहरा सांगता सांगता खुलत गेला. भावाच्या दारात कडुलिंबाला झोका टांगला होता. त्यावर बसून गाणी म्हटली. नवरा गेल्यापासून कोणी झोक्यावर बसायला बोलावलं नव्हतं, यंदा भावजयीनं हात धरून बसवलं. गुलाबभाऊजी भेटायला आले, आमरस-पोळी खाऊन गेले. मला वाटलं, त्यांच्याही मनातलं गेलं असेल. हे सगळं मी दात-ओठ खात टाइप केलं. परिच्छेद चौथा, कडुलिंब आणि झोका. आजवरच्या धंद्यात असलं सोगंदनामं मी काढलं नव्हतं, आणि आवारातल्या दुसऱ्या टायपिस्टांनी ते बघू नये म्हणून पाठीत वाकून काढलं.

सुनावणीच्या दिवशी मी काम बंद ठेवून कोर्टात जाऊन बसलो. सिंधूबाई पुढच्या बाकावर, मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून. पलीकडे गुलाब, नवा शर्ट घालून, खुशीत. समोरच्या वकिलांनी पुकारा होताच उभं राहून सुरुवात केली. त्यांनी अर्ज वाचलाच नव्हता, हे माझ्या लगेच लक्षात आलं. असे अर्ज कोणी वाचत नाही, कारण त्यात काय असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. ते म्हणाले, "साहेब, आजारपणाचं हे सोंग आहे. ही बाई त्या दिवसांत अगदी ठणठणीत होती. आमच्याकडे पुरावा आहे." गुलाबनं मोबाइल काढून दिला, तो शिपायाच्या हातून वर गेला. मोबाइलवर व्हिडिओ होता. झोक्यावर सिंधूबाई, उंच जाताना पदर सावरत गाणं म्हणतायत. गाण्याचा आवाज सगळ्या कोर्टात ऐकू आला.

माझा टायफॉइडचा कागद आज त्या फाइलमध्ये असता तर काय झालं असतं, ते आठवलं की अजूनही घाम फुटतो. खोली तर गेलीच असती, वर खोट्या शपथेबद्दल बाई आत गेली असती, आणि तिच्या मागोमाग मी.

साहेबांनी ताईंकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं?"

ताई म्हणाल्या, "बरोबर आहे, साहेब. परिच्छेद चौथा. झाड कडुलिंबाचं आहे."

साहेबांनी पानं उलटली. वाचायला बराच वेळ घेतला. मग पुन्हा मोबाइल बघितला आणि विचारलं, "हा व्हिडिओ काढला कोणी?"

गुलाब चटकन म्हणाला, "मी, साहेब. मी स्वतः." जरा अभिमानानंच.

"कधी?"

"आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणजे मुदतीच्याच दिवशी." बिचाऱ्याला अजूनही वाटत होतं की आपण पुरावा भक्कम करतोय. त्याचे वकील खाली बसले. साहेबांनी त्या दिवसाचं कामकाज काढून वाचलं. आमचा पक्षकार पाळी बुडवून बाहेर हजर आहे, असं त्यांचं म्हणणं तिथे लिहिलेलं होतं. कोर्टात मागे कोणीतरी खोकलं.

ताईंनी या गोष्टीवर एक अक्षरही काढलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "कायदा पुरेसं कारण विचारतो. कारण काय होतं ते माझ्या पक्षकारानं लपवलेलं नाही. दोघांचं गाव एक, सण एक, दोघंही तिथे होते. तिला वाटलं की आपली सगळी माणसं गावाला असताना कोर्ट भरणार नाही. चूक आहे. तिच्या राहत्या घराएवढी मोठी चूक आहे का, ते साहेबांनी ठरवावं."

साहेबांनी सिंधूबाईंना उभं केलं आणि गुजरातीत विचारलं, "पुन्हा मुदत चुकवाल?" ताईंनी त्यांना सांगितलं, तुम्हीच उत्तर द्या. सिंधूबाई मोडक्या गुजरातीत म्हणाल्या, "नाही चुकवणार, साहेब. तुम्हीपण आखाजीला मुदत देऊ नका." साहेब हसले. मग दावा परत उभा केला, मनाई हुकूम परत लावला आणि दिराला त्याच दिवशी कुलूप काढायला सांगितलं. मी घरी जाऊन तो दाखला चुलीत घातला. आमच्याकडे गॅस आहे, पण अंघोळीच्या पाण्याला चूल पेटते. त्यानंतर टायफॉइडचं एकही सोगंदनामं मी काढलेलं नाही, आणि यामुळे माझं बरंच गिऱ्हाईक तुटलं, याचाही दोष मी ताईंनाच देतो.

पुढे उलटतपासणी झाली. सिंधूबाई जे सांगत ते त्यांचं स्वतःचं होतं, त्यामुळे वकिलानं कितीही फिरवून विचारलं तरी त्या हलल्या नाहीत. निकाल त्यांच्या बाजूनं लागला. तो कागद बंधनकारक नाही, खोली त्यांची. मी पेढे वाटले. माझे पैसे, माझी हौस.

आणि मग महिन्याच्या आतच एके दुपारी गुलाब माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. त्याच्या वकिलानं हात वर केले होते. वरच्या कोर्टात अपील करायचंय, म्हणाला, पण वकील कुठून आणू? तुम्ही मराठी आहात, तुम्हीच काहीतरी लिहून द्या. मला मनातून गुदगुल्या झाल्या. मी म्हटलं, भाऊ, हे माझं काम नाही, आणि इथे गर्दी करू नका. ताई मागच्या बाकावर कळण्याची भाकरी खात होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "गुलाबभाऊ, निकालाची नक्कल काढलीत का? अपिलाचे दिवस किती उरलेत?" त्याला काही ठाऊक नव्हतं. त्यांनी कागद बघितला. आठवडाच उरला होता. त्यांनी अर्धी भाकरी डब्यात ठेवली, हात धुतले आणि उठल्या.

मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "ताई, तो आपल्याविरुद्ध अपील करणार आहे."

"मग दुसऱ्या कोणाविरुद्ध करील?"

"आठवडा जाऊ द्या. दिवस संपले की सगळंच संपलं. सिंधूबाई निवांत झोपेल."

ताई म्हणाल्या, "तिच्या दिराला कोर्टाचं दार सापडलं नाही म्हणून ती जिंकली, असं मला नको आहे. ती खरी आहे म्हणून जिंकली पाहिजे. नाहीतर मी इतकी वर्षं इथे काय केलं?" मग तिथूनच त्यांनी सिंधूबाईंना फोन लावला आणि अपील होणार आहे, त्याला मदतीचा वकील मागता येतो, हे मी त्याला सांगते आहे, असं स्पष्ट सांगितलं. मग सिंधूबाई म्हणाल्या, "करू द्या त्याले. परत हारी."

तुमचा जीव टांगणीला राहायला नको म्हणून सांगतो, तो परत हरला. सिंधूबाई त्याच खोलीत राहतात. पण ते बघायला भामरेताई नव्हत्या. त्या दुपारनंतरच्या सोमवारी त्या कोर्टात आल्या नाहीत. रविवारी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचण्याआधीच संपलं. वरच्या कोर्टात सिंधूबाईंचं काम त्यांच्या हाताखालच्या एका मुलीनं चालवलं, आणि चांगलं चालवलं.

म्हणून त्या दुपारी जे पाहिलं ते माझं शेवटचं. मला राहवेना, मी त्यांच्यामागून दुसऱ्या मजल्यावर गेलो. जिन्यात त्या गुलाबला सांगत होत्या, मी तुमचं काम करू शकत नाही, तुमचा अर्जही भरू शकत नाही, मदतीचा वकील मागायची खिडकी तेवढी दाखवते. खिडकीपाशी तो सवयीनं भिंतीला टेकून उभा राहिला. ताईंनी त्याला दंडाला धरून पुढे केलं. आतल्या कारकुनानं ताईंना ओळखलं आणि विचारलं, "तुमचा पक्षकार का, बेन?"

"नाही," ताई म्हणाल्या. "याला वकील जरा चांगला द्या. समोर मी आहे."